पार्क राहिला, मालक बदलला : इमॅजिकाच्या गोष्टीतून आपल्या गावांनी काय शिकायचं?

खोपोलीहून पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला जाताना सांगडेवाडीजवळ इमॅजिकाचा फाटा लागतो. सुट्टीच्या दिवशी मुंबई-पुण्याच्या गाड्या आणि शाळांच्या सहलीच्या बसेस तिथे वळतात. आपल्यातले बरेच जण आत जाऊन आलेत, बरेच नुसते बाहेरून बघत गेलेत. पण हा पार्क उभा कसा राहिला, कर्जात कसा गेला आणि दुसऱ्याच्या हातात कसा आला, ही गोष्ट गावात फारशी कुणी सांगत नाही. आता नवी मुंबई विमानतळ आणि अटल सेतूमुळे रायगडात जमिनीला पुन्हा मागणी आहे. रिसॉर्ट, वॉटर पार्क, टाउनशिप यांची नावं रोज कानावर येतात. अशा वेळी ही गोष्ट नीट समजून घेतलेली बरी.

आधी काय होतं?

आपल्या भागातल्या चाळीस-पन्नाशीच्या लोकांना मोठा पार्क म्हटलं की गोराईचं एस्सेलवर्ल्ड आठवतं. सुभाष चंद्रा यांच्या एस्सेल समूहाने ते १९८९ मध्ये सुरू केलं. बोटीतून खाडी ओलांडून जायचं आणि दिवसभर राइडमध्ये बसायचं. त्याच्या आधी १९८४ मध्ये दिल्लीत अप्पू घर झालं होतं. हे अम्युझमेंट पार्क, म्हणजे मुख्य आकर्षण राइडचं.

थीम पार्क थोडा वेगळा. तिथे प्रत्येक राइडमागे एक गोष्ट असते. इमॅजिकात 'मिस्टर इंडिया' सिनेमावर राइड आहे, अलिबाबा आणि चाळीस चोरांची आहे. पाण्यातली एक राइड राजासॉरस डायनासोरची आहे. हा डायनासोर खरा आपल्याच देशातला. त्याची हाडं गुजरातमध्ये नर्मदेच्या खोऱ्यात सापडली आणि २००३ मध्ये त्याला हे नाव मिळालं. गोष्ट सांगायची म्हणजे इमारती, पुतळे, पडदे, आवाज, दिवे सगळं आलं. म्हणून खर्चही कितीतरी जास्त.

उभा कसा राहिला?

इमॅजिकाची कल्पना मनमोहन शेट्टी यांची. सिनेमाची फिल्म धुणारी अ‍ॅडलॅब्स ही लॅब त्यांनी १९७८ मध्ये काढली. 'अर्धसत्य' सिनेमाच्या निर्मात्यांमध्येही ते होते. २००५ मध्ये त्यांनी आपल्या कंपनीतला मोठा हिस्सा अनिल अंबानी यांच्या समूहाला दिला आणि पुढे थीम पार्कचा नाद घेतला.

जागा निवडली ती हिशेबाने. मुंबईपासून साधारण ७५ किलोमीटर, पुण्यापासून ९० च्या आसपास, मध्ये एक्सप्रेसवे. दोन मोठ्या शहरांतलं गिऱ्हाईक एका दिवसात येऊन परत जाऊ शकतं. जमीन सुमारे ३०० एकर घेतली. त्यातली निम्म्याहून कमी पार्क आणि हॉटेलसाठी वापरली, बाकीची पुढच्या कामासाठी हातात ठेवली. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत येऊ.

१८ एप्रिल २०१३ ला पार्कचा पहिला भाग उघडला, त्याच वर्षी नोव्हेंबरात पूर्ण सुरू झाला. २०१४ मध्ये वॉटर पार्क, २०१५ मध्ये हॉटेल, २०१६ मध्ये स्नो पार्क.

राइड बनवणारे बहुतेक परदेशी. 'नायट्रो' हा मोठा रोलर कोस्टर स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्ड कंपनीचा. उंची सुमारे १३० फूट आणि वाटेत पाच वेळा माणूस उलटा होतो. त्याला पळवायला इंजिन नाही. साखळी डबे वर ओढून नेते, तिथून सोडून देते. पुढचं सगळं उताराच्या जोरावर. घाटात गाडी न्यूट्रलला टाकली की जे होतं तेच. उलटं झाल्यावर डबे पडत नाहीत, कारण चाकं रुळाच्या वर, बाजूला आणि खाली अशी तिन्हीकडून धरलेली असतात. रुळाचे टप्पे पाडलेले असतात आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडतात, रेल्वेच्या सिग्नलसारखं. रोज सकाळी तपासणी आणि रिकामी फेरी झाल्याशिवाय माणसं बसवत नाहीत. म्हणजे गर्दी असो नसो, देखभालीचा खर्च चालूच.

मग अडलं कुठे?

आपल्या जत्रेतला पाळणेवाला बघा. एका जत्रेत धंदा झाला नाही तर तो पाळणा सोडवतो, ट्रकमध्ये भरतो आणि पुढच्या जत्रेला जातो. थीम पार्कवाल्याला ते जमत नाही. लोखंड जमिनीत रोवलं, पैसा त्यात गेला, आता गिऱ्हाईकानेच इथे यायला पाहिजे.

गिऱ्हाईक येतं ते हंगामात. मे महिना, दिवाळी, नाताळ, शनिवार-रविवार. खालापूरचा पाऊस आपल्याला माहीत आहे, त्या चार महिन्यांत उघड्यावरच्या राइडला कोण बसणार? पण बँकेचा हप्ता पाऊस बघत नाही. पॉलिहाऊससाठी कर्ज काढलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. माल चांगला निघाला तरी भाव आणि हप्ता यांचा मेळ बसला नाही की माणूस अडकतो.

इथे कर्ज एक हजार कोटींच्या पुढे होतं. मार्च २०१५ मध्ये कंपनीने शेअर बाजारातून पैसा उभा करायचं ठरवलं. शेअरचा भाव आधी २२१ ते २३० रुपये सांगितला. प्रतिसाद कमी आला म्हणून भाव खाली आणला, मुदत वाढवली आणि शेवटी १८० रुपयांवर व्यवहार झाला. जुलै २०१७ पासून तिकिटावर २८ टक्के जीएसटी लागला. तो जानेवारी २०१८ मध्ये १८ टक्क्यांवर आला. तोपर्यंत हप्ते थकायला लागले होते. २०१९ मध्ये कंपनीचं नाव बदलून इमॅजिकावर्ल्ड केलं. मार्च २०२० मध्ये कोरोनाने गेट बंद झालं. पुढची दोन वर्षं कधी चालू, कधी बंद. १८० रुपयांचा शेअर एक आकडी भावावर येऊन बसला.

संगमनेरचे मालक

जून २०२२ मध्ये मालपाणी समूहाने पार्क घेतला. संगमनेरचे हे मालपाणी म्हणजे गाय छाप जर्दावाले. शिर्डी आणि लोणावळ्याचे वॉटर पार्क त्यांचेच, त्यामुळे हा धंदा त्यांना नवा नव्हता. ४१५ कोटी रुपये घालून त्यांनी सुमारे दोन-तृतीयांश हिस्सा मिळवला. बँकांनी आपल्या येण्यातल्या बऱ्याच रकमेवर पाणी सोडलं. कर्ज हलकं झालं आणि त्याच राइड, तीच जागा असलेली कंपनी नफ्यात दिसायला लागली.

सरळ हिशेब असा आहे : पार्क वाईट नव्हता, गिऱ्हाईकही होतं. ओझं होतं ते उभारणीच्या कर्जाचं. ज्याने बांधला त्याच्या हातून गेला, ज्याने पडत्या काळात घेतला त्याला परवडला. मोठ्या कर्जाला बँका सूट देतात आणि सातबाऱ्यावरचा बोजा मात्र शेवटच्या रुपयापर्यंत राहतो, हे आपल्याला खटकतं आणि खटकायलाच पाहिजे. पण गावाने शिकायचं ते वेगळंच आहे.

खरी कमाई जमिनीत

वॉल्ट डिस्नेने १९५५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅनहाइम गावी डिस्नेलँड उघडलं. १६० एकरांच्या आसपास संत्र्याच्या आणि अक्रोडाच्या बागा विकत घेऊन वर्षभरात पार्क उभा केला. पार्क तुफान चालला. पण भोवतालच्या जमिनी दुसऱ्यांच्या होत्या. तिथे लॉज-हॉटेलं उठली आणि मोठा पैसा त्यांनी कमावला. डिस्नेने हे लक्षात ठेवलं. पुढच्या पार्कसाठी फ्लोरिडात त्याने वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने, आपलं नाव लपवून, सुमारे २७,००० एकर जमीन घेतली. भाव सरासरी एकरी २०० डॉलरपेक्षा कमी. १९६५ मध्ये वर्तमानपत्राने खरं नाव छापलं आणि भाव आकाशाला भिडले. तोवर बहुतेक शेतकऱ्यांनी सह्या करून टाकल्या होत्या.

आता इमॅजिकाच्या ३०० एकरांतली निम्म्याहून जास्त जमीन हातात का ठेवली होती, ते कळलं असेल. राइड गिऱ्हाईक आणते, भाव जमिनीचा वाढतो. ज्याच्याकडे रस्त्याकडेची दोन-चार गुंठे उरली, त्याचं हॉटेल, टपरी, खोल्या, पार्किंग चालतं. ज्याने सगळं विकलं, त्याला नोकरी मिळाली तर मिळाली.

सही करण्याआधी

उद्या तुमच्या शिवारात असा प्रकल्प आला तर विरोधच करा असं माझं म्हणणं नाही. रोजगार येतो, रस्ता सुधारतो, भाजी-दुधाला गिऱ्हाईक मिळतं. पण ग्रामसभेत हे प्रश्न लेखी विचारा.

१) जमीन घेणारी कंपनी नक्की कुणाची? एकाच भागात तीन-चार नावांनी खरेदी चालू आहे का?

२) वहिवाटीचा रस्ता, ओढा, गुरांची वाट खुली राहणार का? ते खरेदीखतात लिहून घेतलंय का?

३) पाणी कुठून घेणार आणि सांडपाणी कुठे सोडणार?

४) गावच्या पोरांना नोकरी म्हणजे कायम की कंत्राटी? मालक बदलला तर हा शब्द कोण पाळणार?

५) ग्रामपंचायतीला घरपट्टी किती मिळणार? जीएसटी आल्यावर राज्यघटनेने करमणूक कराचा हक्क ग्रामपंचायती आणि नगरपालिकांसारख्या स्थानिक संस्थांसाठी ठेवला आहे. तो वापरायला राज्याच्या कायद्यात तरतूद लागते. आपल्या आमदाराला त्याबद्दल विचारायला काय हरकत आहे?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. इमॅजिकात नऊ वर्षांत मालक बदलला. तोंडी शब्द देणारा माणूस उद्या त्या खुर्चीत नसेल, कागद मात्र राहील. आणि जमलं तर सगळं विकू नका, रस्त्याकडेचा एक तुकडा घरात ठेवा. पार्क चालला तर तो तुकडा पोराबाळांना पोसेल. नाही चालला तर त्यात निदान भात तरी लावता येईल.