शौर्य आपले, मोहोर परक्याची

गणेशोत्सव जवळ आला की नवी मुंबईतील हजारो कुटुंबे कोकणाची वाट धरतात. पेण, नागोठणे, कोलाड मागे टाकून गाड्या माणगावात येतात आणि बहुधा वाहतुकीच्या कोंडीत तेथे काही काळ थांबतातही. याच माणगावात तहसील कार्यालयाच्या आवारात एका सैनिकाचा पुतळा उभा आहे. तो कोणाचा, असे मुलांनी विचारले तर किती पालकांना उत्तर देता येईल? तो पुतळा आहे नाईक यशवंत घाडगे यांचा. माणगाव तालुक्यातील पळसगावचा हा तरुण १० जुलै १९४४ रोजी, वयाच्या अवघ्या २२व्या वर्षी, इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडला आणि ब्रिटिश साम्राज्याचा सर्वोच्च शौर्यसन्मान, व्हिक्टोरिया क्रॉस, त्याला मरणोत्तर मिळाला.

घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. त्यांच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला आणि ते स्वतः वगळता तुकडीतील प्रत्येक जण ठार वा जखमी झाला. मागे फिरण्यास पुरेसे कारण होते. घाडगे पुढे धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन व ती चालवणारा निकामी केला, दुसऱ्याला टॉमी गनने टिपले. गोळ्या संपल्या आणि नव्या भरायला उसंत नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने त्यांनी उरलेल्या दोघांना लोळवले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या आणि एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्च्यातच त्यांनी प्राण सोडला.

याच रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीतील शिपाई नामदेव जाधव हे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निमज गावचे. ते कंपनीचे निरोप्या होते. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या पूर्व काठावर हल्ला चढवताना तीन मशीनगनांचा मारा त्यांच्या गटावर झाला. कंपनी कमांडर आणि दोघे जण जखमी झाले, इतर मारले गेले. जाधवांनी एका जखमीला उचलले आणि खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. मग ते परतले आणि दुसऱ्यालाही त्याच वाटेने घेऊन गेले. तिसऱ्यांदा ते निघाले ते त्या मशीनगनांचा निकाल लावण्यासाठी. हाताला जखम होऊन टॉमी गन चालवणे अशक्य झाले, तेव्हा त्यांनी हातबॉम्ब घेतले. तिन्ही ठाणी थंडावल्यावर बांधाच्या माथ्यावर उभे राहून, मराठ्यांची युद्धगर्जना करत त्यांनी मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. ती गर्जना ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही होती. राजा इंग्लंडचा, पगार सरकारचा. पण मरणाच्या दारात ओठांवर आलेले नाव कोणाचे होते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

या सैनिकांविषयी आपल्या समाजात दोन टोकाच्या भूमिका आढळतात. काहींना ते परकीयांसाठी लढलेले भाडोत्री सैनिक वाटतात, म्हणून त्यांचा उल्लेखही नकोसा होतो. काहींना केवळ विलायती पदकाचे अप्रूप असते. जणू इंग्रजांनी शिक्का मारला नसता तर ते शौर्य खोटे ठरले असते. या दोन्ही भूमिका तपासून पाहाव्या लागतील.

पदकाचे अप्रूप असणाऱ्यांनी त्याचा इतिहास पाहावा. व्हिक्टोरिया क्रॉस सुरू झाला १८५६ साली. हिंदी सैनिकाला मात्र तो १९११ पर्यंत खुला नव्हता. त्याच्यासाठी कंपनी सरकारने १८३७ साली सुरू केलेला ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा वेगळा सन्मान पुरेसा मानला गेला. एकाच रणांगणावर, एकाच शत्रूपुढे दाखवलेल्या पराक्रमाला कातडीच्या रंगानुसार दोन मापे होती. ज्यांचा न्याय असा होता, त्यांच्या शिक्क्यावर आपल्या वीरांचे मोल अवलंबून ठेवणे स्वाभिमानाला शोभत नाही. तरीही दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीय सैनिकांनी मिळवले. दुजाभाव करणाऱ्यालाही मान तुकवावी लागली, एवढाच त्याचा अर्थ.

‘भाडोत्री’ हा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे तरुण पोटासाठी भरती झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. कोकणातील तुटपुंजी शेती आणि नगरकडचा दुष्काळ यांनी अनेक पिढ्या पलटणीत धाडल्या. परंतु पगार माणसाला छावणीपर्यंत नेतो. जखमी सोबत्यासाठी गोळीबारात दोनदा नदी ओलांडायला कोणताही पगार लावत नाही. तेथे माणसाचे संस्कार आणि पलटणीची परंपराच कामी येते.

त्या काळी सैन्यभरतीवरून देशात तीव्र मतभेद होते. हिंदू तरुणांनी सैन्यात शिरावे, असे आवाहन स्वातंत्र्यवीर सावरकरांनी केले, तेव्हा त्यांच्यावर कठोर टीका झाली. शस्त्र चालवण्याचे शिक्षण एकदा हाती आले की ते शस्त्र कोणासाठी उचलायचे हे आपल्याला ठरवता येईल, हा त्यामागील विचार होता. नेताजींनी दुसरी वाट धरली. पण त्यांच्या आझाद हिंद सेनेचा कणाही इंग्रजांच्या फौजेतून युद्धकैदी झालेल्या सैनिकांचाच होता. आणि १९४७ साली काश्मीरवर संकट कोसळले, तेव्हा स्वातंत्र्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत श्रीनगरच्या विमानतळावर उतरली ती याच सैन्यातून घडलेली भारतीय सेना.

घाडगे आणि जाधव यांच्या पलटणींचा पुढचा प्रवास तर मुळातून जाणून घ्यावा असा आहे. घाडगे यांची पलटण १९५२ साली पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि ‘दुसरी पॅरा (मराठा)’ झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजी हीच पलटण टांगाईल येथे आकाशातून उतरली आणि तिने पुंगली पूल ताब्यात घेतला. जमालपूरची लढाई लढून जमिनीवरून तिला येऊन मिळाली ती जाधवांची पलटण, म्हणजे पहिली मराठा लाइट इन्फन्ट्री. इटलीत परक्या ध्वजाखाली लढलेल्या या दोन पलटणी २६ वर्षांनी तिरंग्याखाली एकमेकींना भेटल्या आणि १६ डिसेंबरला ढाका पडले. टायबर आणि सेनिओच्या काठी ज्या परंपरेला धार चढली, तीच परंपरा भारताच्या विजयात अशी उपयोगी पडली.

असे असूनही राष्ट्राच्या स्मृतीत या सैनिकांना निश्चित जागा नाही. परमवीर चक्राची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमासाठी आहे. दिल्लीच्या इंडिया गेटवर पहिल्या महायुद्धातील आणि त्यानंतरच्या अफगाण युद्धातील हुतात्म्यांची नावे आहेत. २०१९ साली उभारलेल्या राष्ट्रीय समर स्मारकात स्वातंत्र्योत्तर हुतात्म्यांची नावे कोरली आहेत. दुसऱ्या महायुद्धातील जवान या दोहोंच्या मधल्या रिकाम्या जागेत राहून गेले. इटलीच्या भूमीवर ५,७८२ भारतीय सैनिकांनी देह ठेवला. तेथील माँतोने या छोट्या नगराने जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांच्या नावाने छायाघड्याळाचे स्मारक उभारले. ‘आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत’ या अर्थाचे लॅटिन वचन त्यावर आहे. परक्यांना जी कृतज्ञता सुचली, ती आपल्याला सुचायला काय हरकत आहे?

येथे नवी मुंबईचे कर्तव्य विशेष आहे. खारघर, कळंबोली, कामोठे, उलवे हा या शहराचा दक्षिण भाग रायगड जिल्ह्यात, म्हणजे घाडगे यांच्याच जिल्ह्यात मोडतो. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने वसवलेले हे नियोजनबद्ध शहर. पण त्याची ओळख सेक्टर आणि भूखंडांच्या आकड्यांत अडकली आहे. आकडा पत्ता सांगतो, परंपरा सांगत नाही. नावाचे मोल या शहराला शिकवावे लागत नाही. विमानतळाला लोकनेते दि. बा. पाटील यांचे नाव मिळावे यासाठी २०२१ साली येथील भूमिपुत्र हजारोंच्या संख्येने रस्त्यावर उतरले होते. त्याच जिव्हाळ्याने नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांची नावे येथील ठळक चौकांना द्यावीत आणि त्यांच्या पराक्रमाची चार ओळींची माहिती मराठीत तेथे लावावी.

मात्र सारे महापालिकांवर सोपवून मोकळे होणे योग्य नव्हे. १० जुलै आणि ९ एप्रिल हे दोन दिवस शाळांनी, गृहनिर्माण संस्थांनी आणि गणेशोत्सव मंडळांनी आपल्या कार्यक्रमपत्रिकेत घालावेत. आपल्या वसाहतीत राहणाऱ्या निवृत्त सैनिकाला त्या दिवशी आदराने बोलवावे आणि त्याच्या तोंडून पलटणीच्या कथा मुलांना ऐकवाव्यात. या वीरांच्या पदकाला इंग्लंडच्या राणीचे नाव आहे, ते बदलता येणार नाही. त्यांच्या पराक्रमाचा वारसा मात्र आपला आहे, आणि तो हक्काने सांगितल्याखेरीज पुढच्या पिढीकडे जाणार नाही.