हिशेब फक्त मुलीच्याच पदवीचा का?

‘बायोकेमिस्ट्रीची पदवी घेऊन हिला मिळणार काय?’ बारावीचे निकाल लागले की आमच्या सल्ला केंद्रात हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे बहुधा वडील नाहीतर काका. मुलगी शेजारी गप्प बसलेली. एम.एस.डब्ल्यू. होऊन या कामात पडले त्याला बारा वर्षं झाली. मुलाच्या इंजिनीअरिंगसाठी कर्ज काढताना हाच प्रश्न विचारणारा बाप मला अजून भेटायचा आहे.

प्रश्न चुकीचा नाही. तो फक्त मुलीलाच विचारला जातो, यावर माझा आक्षेप आहे. म्हणून आधी हिशेब सरळ मांडू.

नुसत्या बी.एस्सी.वर मिळतं ते काम बेताचंच. औषध कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये, तेही पुष्कळदा ठेकेदारामार्फत. पॅथॉलॉजी लॅबमध्ये डी.एम.एल.टी. झालेली मुलगी आधी घेतली जाते, कारण रक्त काढण्यापासूनचं शिक्षण तिला मिळालेलं असतं. रिपोर्टवर सही करायचा अधिकार तर दोघींनाही नाही. तो पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचा, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं. बायोकेमिस्ट्रीची खरी किंमत येते ती एम.एस्सी.नंतर. नेट परीक्षेतून संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये. म्हणजे खर्च पाच वर्षांचा धरायला हवा, तीन वर्षांचा नव्हे.

कॉलेजं हे सांगतात का? हा विषय पुष्कळ ठिकाणी विनाअनुदानित तुकडीत चालतो. त्याच इमारतीत अनुदानित रसायनशास्त्राची फी कितीतरी कमी असते. माहितीपुस्तिकेत पांढरा कोट घातलेल्या हसऱ्या मुलीचा फोटो आणि ‘उज्ज्वल करिअर’. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने सांगितलं, तीन वर्षांत स्पेक्ट्रोफोटोमीटरला एकदाच हात लागला, तोही रांगेत उभं राहून. प्रयोगशाळेची फी मात्र तिने दरवर्षी भरली होती. याला शिक्षण म्हणायचं की विक्री?

पण मैत्रिणींनो, कॉलेजच्या आधी घराकडे पाहू. मुलीला बी.एस्सी.ला का घालतात? कॉलेज जवळ आहे, एस.टी.चा पास निघतो, पाचच्या आत घरी येते, आणि स्थळांच्या कागदावर ‘बी.एस्सी.’ शोभून दिसतं. तिसरं वर्ष संपतं, मुलगी एम.एस्सी.चा फॉर्म मागते आणि घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. जिथून पदवीचं चीज व्हायचं, नेमकं तिथेच तिला थांबवलं जातं. चार वर्षांनी तेच घर म्हणतं, ‘शिकवून काय उपयोग झाला?’ विहीर अर्धी खणायची आणि पाणी लागलं नाही म्हणून जमिनीला बोल लावायचा, असला हा न्याय! वर या तीन वर्षांत पहाटे उठून तिने थापलेल्या भाकऱ्या आणि धुतलेले कपडे कुठल्याच वहीत चढत नाहीत.

आपल्या चळवळीतल्याही काहीजणी म्हणतात, गरीब घरच्या मुलीने नर्सिंग नाहीतर डी.एम.एल.टी. करावं, लवकर पायावर उभी राहील. घरात कमावणारं कुणी नसेल तर हा सल्ला योग्यच आहे; मीही तो देते. पण तोच सरसकट नियम केला, तर नमुने गोळा करायला आपल्या मुली आणि संशोधन करायला दुसऱ्यांच्या, अशी वाटणी आपणच मान्य केली असं होईल. कमला सोहोनींना १९३३ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत बाई म्हणून प्रवेश नाकारला गेला. सी. व्ही. रामन यांच्याशी त्या भांडल्या, अटी सोसून आत शिरल्या, १९३९ मध्ये केंब्रिजहून जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. झाल्या. त्यांची जिद्द मोठीच. पण त्यांचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते, हेही विसरू नये. दार उघडायला जिद्द लागते. आत टिकायला घराचं पाठबळ आणि पैसा लागतो. शेतमजुराच्या मुलीजवळ जिद्द आहे. बाकीचं कोण देणार?

सरकारने द्यावं. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी दिली. चांगलंच केलं. मग बी.एस्सी., एम.एस्सी. करणारी मुलगी त्या निर्णयाबाहेर का? तीच माफी विज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणापर्यंत, विनाअनुदानित तुकड्यांनाही हवी. आणि विद्यापीठाच्या गावी वसतिगृह हवं, कारण खोलीभाडं परवडत नाही म्हणूनही मुली परत फिरतात. कॉलेजांनी मागच्या तीन वर्षांतल्या मुली आज कुठे आहेत, काय कमावतात, हे प्रवेशाआधी फलकावर लावावं.

आणि आपण? येत्या प्रवेशाच्या दिवसांत वस्तीतल्या एका तरी मुलीबरोबर कॉलेजात जाऊ. तुकडी अनुदानित आहे का, उपकरणं किती, मागच्या मुली कुठे गेल्या, हे तिलाच मोठ्याने विचारू देऊ. मग तिच्या घरी जाऊन पाच वर्षांचा खर्च कागदावर मांडू, आणि शेजारी तिच्या भावाचाही मांडू. दोन्ही आकडे एकाच कागदावर आले की ‘हिला मिळणार काय’ हा प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर द्यावं लागेल.