सीट खाली येते, बाई!

मोटरसायकलच्या मागच्या चाकाला जाळी असते ना, तिला आपण साडीगार्ड म्हणतो. कंपन्यांनी ती हौसेने बसवलेली नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम सांगतो की, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्मं चाक झाकलेलं हवं, धरायला दांडी हवी, पाय ठेवायला जागा हवी. नियम चांगलाच आहे. या जाळीने कितीजणींचे पदर वाचवले असतील! पण मला त्यात एक गंमत दिसते. मोटरसायकलवर बाईचा विचार झाला, तो मागे बसणारी म्हणून. ती पुढे बसली तर तिचे पाय जमिनीला टेकतील का, हे फारसं कुणी विचारलंच नाही.

मी आंबोलीत राहते. सावंतवाडी इथून तीसेक किलोमीटर, आणि त्यातला बराच रस्ता घाटाचा. पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात. आमच्याकडचे कितीतरी पुरुष नोकरीला गोव्यात नाहीतर मुंबईत. मोटरसायकल अंगणात प्लॅस्टिकखाली झाकलेली, आणि घरातली बाई तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेऊन एस.टी.ची वाट बघत उभी. तिला विचारा, ‘‘गाडी आहे ना दारात, मग शिकत का नाहीस?’’ उत्तर ठरलेलं, ‘‘पाय खंय टेकतत गो माझे!’’

मी मोटरसायकल घ्यायला गेले तेव्हाही हेच झालं. माझी उंची पाच फूट एक इंच. शोरूममधल्या मुलाने माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी पायांकडे बघितलं आणि म्हणाला, ‘‘मॅडम, तुम्हाला स्कूटर दाखवतो.’’ त्याच वेळी माझ्याएवढ्याच उंचीचे एक काका बुलेटवर बसून बघत होते. एक पाय अधांतरी, पण त्यांना कुणी स्कूटर दाखवली नाही!

स्कूटरवर माझा राग नाही. उलट तिचे उपकारच आहेत. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिकने लुना आणली. मग १९८४ साली बटण दाबून सुरू होणारी, बिनगिअरची कायनेटिक होंडा आली. त्याआधी स्कूटर म्हणजे तिरकी करायची, किक मारायची, डाव्या हाताने गिअर पिळायचा. बायकांना जमत नाही, असं तेव्हाही म्हणत होते. बटण आलं आणि जमायला लागलं. बायकांच्या अंगात एका रात्रीत ताकद आली का? नाही, यंत्र बदललं. मग सीटच्या बाबतीत आपणच का आखूड ठरायचं?

आणि घाटात मोटरसायकलचे फायदे आहेत. चाकं मोठी, त्यामुळे पावसाने उखडलेल्या रस्त्यावर खड्डा कमी जाणवतो. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली की इंजिनच गाडीला धरून ठेवतं. बिनगिअरच्या स्कूटरला ते तितकं जमत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि लांब उतारावर ब्रेक तापतात.

आता जरा हिशेब करू या. पाच फुटांच्या बाईच्या पायाची आतल्या बाजूची लांबी साधारण सत्तर सेंटिमीटर. स्प्लेंडरची सीट जमिनीपासून ७८५ मि.मी., क्लासिक बुलेटची ८०५. आपण बसलो की गाडी थोडी दबते, चपलेचा तळ थोडी उंची देतो, तरी टाचा वरच राहतात. ॲक्टिव्हाची सीट ७६५ मि.मी.च्या आसपास. म्हणजे स्प्लेंडरची सीट फक्त एक इंच, म्हणजे २५ मि.मी., खाली घेतली की ती ॲक्टिव्हापेक्षाही खाली येते! एवढ्याशा इंचासाठी आपण गाडीचा नाद सोडून देतो.

हा इंच मिळवायला मोठा खर्च लागत नाही. तालुक्याच्या गावी सीट शिवणारा कुशनवाला असतोच. त्याच्याकडून फोम कमी करून घ्यायचा. पण आधी सीटचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी निमुळता करायला सांगा. रुंद सीटमुळे मांड्या फाकतात आणि पायाची लांबी वाया जाते. तेवढं केल्यावरही कमी पडलं, तरच वरचा फोम कापायला सांगा. तोही सगळा नाही हं! तळाचा पत्रा टोचायला लागला तर सावंतवाडीला पोचेपर्यंत कंबर धरेल.

दुसरी गोष्ट मागच्या शॉकअपची. बऱ्याच गाड्यांत त्यांना खाचा असतात. मेकॅनिकला सांगून सर्वांत मऊ खाचेवर ठेवले की आपल्या वजनाने गाडी थोडी जास्त दबते. मागे कुणाला बसवायचं असेल, गॅसचा सिलिंडर आणायचा असेल, तर मात्र परत वर घ्यायचे.

काही मेकॅनिक याच्या पुढे जातात. मागचे शॉकअप आखूड बसवतात, पुढचा चिमटा वर सरकवतात. इथे मी हात जोडून ‘थांबा’ म्हणेन. अशाने अख्खी गाडीच खाली येते. मग स्पीडब्रेकरला पोट घासतं, आणि घाटातल्या वळणावर गाडी कलली की पायदान रस्त्याला टेकायची भीती. साईड स्टँड तेवढाच राहतो, म्हणून गाडी सरळ उभी राहते आणि जरा धक्का लागला की विरुद्ध बाजूला पडते. मागूनच खाली केली तर हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. शिवाय कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आडवं येतं. म्हणून फोम आधी, खाच नंतर, बाकी काही नको.

घरात एकच गाडी असेल तर वेगळीच अडचण. ‘‘माझी सीट कापलीस तर बघ!’’ हे वाक्य कितीतरी घरांत ऐकू येईल. त्यावर उपाय सोपा. दुसरी सीट घ्या आणि तीच कमी करून घ्या. सीट काही गाड्यांत किल्लीने निघते, काहींत दोन बोल्ट काढले की. ते शनिवारी आले की त्यांची सीट, सोमवारी गेले की आपली. नव्या गाडीच्या विचारात असाल तर आधी सीटची उंची विचारा. बजाज ॲव्हेंजरची सीट ७३७ मि.मी. आहे. हिमालयन ४५० ची मूळची ८२५, पण कंपनी तिला ८०५ ची कमी उंचीची सीटही देते. म्हणजे कंपन्यांनाही आता कळायला लागलंय.

आणि दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत, असं कुठे आहे? लायसन्ससाठी उंचीची अट नाही. फक्त विनागिअरचं लायसन्स असेल तर गिअरच्या गाडीचं वेगळं काढावं लागतं, तेवढं विसरू नका. थांबताना सीटवर थोडं डावीकडे सरकायचं, डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा ब्रेकवर. रस्ता ज्या बाजूला उंच, त्या बाजूला पाय. उतारावर तोंड खाली करून गाडी कधीच लावायची नाही, मागे ओढताना दमछाक होते. पुण्यात २०११ साली उर्वशी पाटोळे यांनी ‘बायकरनी’ ही मोटरसायकल चालवणाऱ्या बायकांची संघटना सुरू केली. त्यातल्या सगळ्याच काही पावणेसहा फुटी नाहीत! सरावाला मात्र घाट नको. आधी शाळेचं पटांगण, मग गावातला रस्ता, आणि हेल्मेट पहिल्या दिवसापासून.

आपण तयार ब्लाऊज आणतो, तो सैल झाला तर टीप घालतो. ‘माझेच खांदे लहान’ म्हणून ब्लाऊज घालायचा सोडत नाही. शिलाई मशीनसमोरचं स्टूल उंच झालं तर सुताराकडून पाय कापून घेतो. मग लाखभर रुपयांच्या गाडीपुढेच आपण खाली मान का घालतो? हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही, मैत्रिणींनो. रात्री अकरा वाजता सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं आणि शेजारी गाडी चालवणारं कुणी नसलं, तर तो एक इंच फार मोठा असतो.

तेव्हा ‘पाय पुरत नाहीत’ असं म्हणायच्या आधी शिवणाच्या डब्यातली टेप काढा आणि किती पुरत नाहीत ते मोजा. आकडा कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन कुशनवाल्याकडे जा.