राणीमाशी ठरवत नाही



एकदा बचत गटाच्या बैठकीत मी पापडाच्या उद्योगाची कल्पना मांडली. फळ्यावर हिशेब मांडून दाखवला. वीसच्या वीस जणींनी माना डोलावल्या. कर्ज काढलं, पापड लाटले आणि सहा महिन्यांत सगळं बंद पडलं. मग एक जण हळूच म्हणाली, "ताई, पापड आमच्याकडं घरोघरी होतात. विकत कोण घेणार? तेव्हाच ठाऊक होतं. पण तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच म्हणालात, मग कसं बोलायचं?"

शहाणपण गटात होतंच. त्याची वाट मी अडवली होती.

मधमाश्यांविषयी वाचताना हे पुन्हा आठवलं. वसाहत वाढली की जुन्या राणीसह हजारो माश्या बाहेर पडतात, फांदीला लटकतात आणि नवं घर शोधतात. 'राणी' हे नाव आपण दिलेलं. घर ती ठरवत नाही. ठरवतात काहीशे अनुभवी कामकरी माश्या. युरोपीय मधमाश्यांचं हे वर्तन मार्टिन लिंडाउअर यांनी १९५०च्या दशकात नोंदवलं. पुढे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे थॉमस सीली यांनी ते तपशिलात उलगडलं. जागा पाहून आलेली माशी नाचून तिची दिशा आणि अंतर सांगते. जागा जितकी चांगली तितका नाच जास्त वेळ. पण दुसरी केवळ तिच्या सांगण्यावर नाचत नाही, स्वतः जाऊन पाहून येते. दुसऱ्या जागेच्या बाजूच्या माश्या नाचणारीला धडक देऊन थांबवतातसुद्धा. एखाद्या जागी वीस-तीस जणी एका वेळी जमल्या की निर्णय पक्का होतो.

म्हणजे एकत्र बसलं की निर्णय आपोआप चांगला होतो, असं नाही. प्रत्येकीने स्वतः पाहिलेलं असावं लागतं आणि विरोधाला जागा असावी लागते.

अर्थात आपण माश्या नाही. त्यांचं हित एकच. आपल्यात जात आहे, जमीन आहे, नवऱ्याचा धाक आहे. म्हणून तर गावातल्या दारूबंदीसाठी 'आडव्या बाटली'चं मतदान गुप्त असतं. ज्यांच्या घरातच पिणारा आहे, त्यांना हात वर करून मत देणं किती महागात पडलं असतं!

आता आमच्या गटात सर्वांत कमी बोलणारी आधी बोलते. अध्यक्ष आणि मी शेवटी. कर्जाचा विषय असला की झाकलेल्या मडक्यात प्रत्येकजण टाकते: होकाराला चिंचोका, नकाराला खडा. मागच्या खेपेला माझी सूचना पडली, तेरा खडे निघाले. खरं सांगते, थोडं लागलं. पण त्या तेरा जणी पापडाच्या वेळीही तिथेच बसलेल्या होत्या.

आपल्या संघटनेच्या बैठकीत पहिल्यांदा कोण बोलतं? आणि तिच्यानंतर 'नाही' कोण म्हणतं? जरूर कळवा.