अलर्ट म्हणजे ‘उंचावर चढा’. पण कारध्यात चढायचं कुठे, हे कोण सांगणार?

मंडळी, पोस्ट थोडी लांब आहे. पण आपल्या गावाच्या कामाची आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

पावसाळा लागला की आपल्या फोनवर एक शब्द रोज येतो. अलर्ट. यलो अलर्ट, ऑरेंज अलर्ट, रेड अलर्ट. पेपर उघडला तर ‘प्रशासन अलर्ट मोडवर’. बँकेतून दोनशे रुपये कटले तरी अलर्ट. पोरं क्रिकेट खेळताना ओरडतात, ‘अलर्ट राहा बे, कॅच येते.’ दवाखान्यात डॉक्टर नर्सला सांगतात, पेशंट अलर्ट आहे, म्हणजे शुद्धीवर आहे, बोलवलं तर बघतो. एवढा वापरून वापरून हा शब्द आता जुन्या आठाण्यासारखा झाला आहे. वरचा छाप घासून गेला, हातात नुसता चकतीचा तुकडा राहिला.

परवा चहाच्या टपरीवर एक काकाजी सहज विचारत होते, “का गा, आज कोनता अलर्ट आहे?” जसं काही आज भाजी कोणती आहे. सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र ते हसणं टोचलं. कारण आपलं गाव वैनगंगेच्या काठावर आहे, आणि २०२० चा ऑगस्ट आपल्यातल्या कोणीच विसरलेला नाही.

म्हणून म्हटलं, हा शब्द मुळात आला कुठून ते बघावं. बघितलं, आणि चकित झालो.

अलर्ट हा इंग्रजीचा स्वतःचा शब्द नाही. तो मूळचा इटालियन. ‘आल्ल’एर्ता’. एर्ता म्हणजे चढ, उंचवटा, जिथे उभं राहून दूरवर नजर टाकता येते अशी जागा. आल्ल’एर्ता म्हणजे ‘उंचावर!’ शत्रू येतोय का हे बघायला पहारेकऱ्याने उंच जागी जायचं, त्याची ती हाक. तिथून फ्रेंचांनी उचलला, त्यांच्याकडून इंग्रजांनी घेतला आणि इंग्रजीतून तो आपल्या मोबाईलवर आला.

याचा एक भाऊही आहे. अलार्म. तोही इटालियन. ‘आल्ल’आर्मे’, म्हणजे ‘शस्त्रं उचला!’ आज आपण सकाळी पाचला उठायला तो लावतो आणि स्नूझ करून पुन्हा निजतो. म्हणजे एके काळी ज्या हाकेवर माणसं तलवार घेऊन धावत होती, तिला आपण अंगठ्याने गप्प करतो. अलर्टचं तेच चाललं आहे.

आता हे लक्षात घ्या. दोन्ही शब्द मुळात नुसती सूचना नव्हते. त्यात काम सांगितलेलं होतं. एकात ‘उंचावर जा’, दुसऱ्यात ‘शस्त्र घ्या’. ऐकणाऱ्याला विचारावं लागत नव्हतं की मग मी करू काय. आपल्याला येणाऱ्या अलर्टमध्ये नेमकं तेच नसतं.

२९ ऑगस्ट २०२०, शनिवार. घरोघरी गणपती बसलेले, वरून कोरोना. शेतात रोवणी होऊन धान उभं झालेलं. तिकडे मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात धो धो पाऊस, आणि संजय सरोवरातून पाणी सोडलेलं. फोनवर मेसेज फिरत होते. एक मेसेज मी आमच्या शेजारच्या मोठ्या मायला वाचून दाखवला. त्याचा मतलब एवढाच होता की नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. ती ऐकून घेतली आणि म्हणाली, “सतर्क म्हंजे का करू गा बापू? निजू का बसून राहू?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पदवी आहे, फोन आहे, नेट आहे. उत्तर नव्हतं. मी म्हटलं, “बस थोडा वेळ, बघू.” ती बसली. मध्यरात्रीपर्यंत बसली. मग डोळा लागला. पहाटे पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा तिची धान्याची कोठी तशीच भरलेली होती, उचलायला कोणी नव्हतं. माणसं वाचली, देवाची कृपा. कोठी गेली. संध्याकाळी कोणी तिला एवढंच सांगितलं असतं की माय, पहाटेपर्यंत पाणी तुझ्या दारात येईल, पोती वर टाक, तर चार पोरांनी अर्ध्या तासात ती कोठी रिकामी केली असती. अलर्ट आला होता. खबर आली नव्हती.

हा फरक आपल्या भाषेला फार आधीपासून माहीत आहे. ‘खबरदार’ हा शब्द बघा. खबर अरबी, दार फारसी. ज्याच्याकडे खबर आहे तो खबरदार. म्हणजे आधी खबर, मग खबरदारी. खबर न देता ‘खबरदारी घ्यावी’ म्हणणं म्हणजे बियाणं न देता पीक मागणं. ‘सावध’ म्हणजे स-अवधान, लक्ष असलेला. पण लक्ष कशाकडे ठेवायचं ते तर सांगा! लग्नात भटजी ‘सावधान’ म्हणतात तेव्हा नवरदेवाला ठाऊक असतं की अंतरपाटापलीकडे काय आहे. आपल्याला ठाऊक नसतं की पुलापलीकडून काय येतं आहे.

आणि रंगांची गंमत ऐका. हवामान खात्याचे चार रंग आहेत. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, माहिती घेत राहा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे कृती करा. त्यांच्या मूळ इंग्रजी कोष्टकात पिवळ्यासमोर ‘वॉच’, नारिंगीसमोर ‘अलर्ट’ आणि लालसमोर ‘वॉर्निंग’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे अलर्ट हा फक्त नारिंगी रंगाचा शब्द! आपण आणि आपल्या पेपरवाल्यांनी तिन्ही रंगांना अलर्ट चिकटवून टाकला. लक्ष ठेवणं, तयार राहणं आणि उठून चालू लागणं, या तीन वेगळ्या गोष्टी होत्या. आपण त्यांचा एकच काला केला. मग पिवळ्याला कोणी हलत नाही हे बरोबरच आहे, हलायचं नसतंच. पण लालला पण कोणी हलत नाही, कारण त्यालाही नाव तेच.

शिवाय हे रंग बहुतेक वेळा अख्ख्या जिल्ह्याला लावलेले असतात, आणि ते आभाळातून पडणाऱ्या पावसाचे असतात. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार, असा त्यांचा हिशोब. पण आपलं संकट पुष्कळदा आभाळातून येतच नाही. ते नदीने येतं. कारध्यात ऊन पडलेलं असू शकतं, आणि वर शिवनी-बालाघाटकडे बरसलेलं पाणी आपल्याकडे निघालेलं असू शकतं. खालून गोसेखुर्दचं बॅकवॉटर भंडाऱ्यापर्यंत चढलेलं असतं. त्या धरणाची ३३ दारं किती उघडली, केव्हा उघडली, यावरही आपल्या घाटावरचं पाणी ठरतं. त्यामुळे पावसाचा रंग पाहून आपला पूर कळत नाही.

नदीचा मेसेजही येतो, नाही असं नाही. त्यात आकडे असतात. कारधा पूल, पातळी २४५ पॉइंट काहीतरी मीटर. ही उंची समुद्रसपाटीपासूनची. अभियंत्याला ती लागतेच, त्यावर माझं म्हणणं नाही. पण आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे की आपला उंबरा समुद्रापासून किती मीटरवर आहे? मला नाही. मग २४५ चे २४६ झाले, म्हणजे माझ्या दारात आलं की मागच्या गल्लीत गेलं?

मग विसर्ग. एका मेसेजमध्ये क्युमेक, दुसऱ्यात क्युसेक. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे १००० लिटर. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. दोघांत ३५ पटीचा फरक! एका अक्षराची चूक झाली तर पूर पस्तीसपट लहान किंवा मोठा होतो. गावच्या ग्रुपवर हे मेसेज फॉरवर्ड होताना ते एक अक्षर कितीदा बदलत असेल, विचार करा.

आता दुसरी बाजूही बोलतो, नाहीतर कोणी म्हणेल की याला नुसतं बोट दाखवायचं आहे. पुराचा अंदाज घरोघरचा देणं सोपं काम नाही. लवकर सांगितलं आणि पाणी आलं नाही तर आपणच शिव्या घालतो, की उगाच रात्रभर जागवलं. उशिरा सांगितलं तर जीव जातात. म्हणून साहेबलोक मधला रस्ता काढतात, ‘सतर्क राहावे’. त्यात कोणी चुकत नाही. २०२० मध्ये तलाठी, कोतवाल, पोलीस पण आपल्यासारखेच रात्रभर जागे होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. डोंगे घेऊन आपली ढिवर मंडळी निघाली, बोटी आल्या, लोक काढले. कामात कसूर नव्हती. खोट शब्दात होती.

आणि आता तर साधनंही आली आहेत. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले होते, आठवतं? ती सरकारची चाचणी होती. एका टॉवरच्या हद्दीतल्या सगळ्या फोनवर एकदम मेसेज टाकता येतो, नंबर ठाऊक नसला तरी. विजेसाठी दामिनी ॲप आहे, बांधीत काम करणाऱ्यांनी ते जरूर ठेवावं. म्हणजे आवाज पोचवायची सोय झाली. आवाजात काय भरायचं, एवढाच प्रश्न उरला.

जुना कोतवाल दवंडी देत होता तेव्हा त्याच्याकडे टॉवर नव्हता. पण त्याच्या दवंडीत काय, कुठे, केव्हा हे तिन्ही असायचं. अमक्या दिवशी अमक्या पारावर अमकं आहे, घरटी एकाने यावं. संपलं. मोठ्या मायला ते कळत होतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. कारध्याला येणाऱ्या पुराच्या मेसेजमध्ये पाच गोष्टी असाव्यात. मराठीत, आणि जमलं तर आपल्या बोलण्यातल्या मराठीत.

एक, पाणी कुठवर येईल. मीटर लिहा, पण पुढे खूणही लिहा. लहान पुलाच्या वर किती, घाटाची कोणती पायरी, कोणती गल्ली.

दोन, केव्हा येईल. ‘पुढील काही तासांत’ नको. रात्री बाराच्या आधी की पहाटे, एवढं तरी.

तीन, कोणी निघायचं. अख्ख्या गावाने नाही. खालच्या घरांनी आधी, बाकीच्यांनी तयारीत राहायचं.

चार, जायचं कुठे. इमारतीचं नाव, चावी कोणाकडे आहे, जनावरं कुठे बांधायची. जनावर सोडून शेतकरी निघत नाही, हे ज्याला कळत नाही त्याने पुराचं नियोजन करू नये.

पाच, संपलं केव्हा. धोका टळला तर तसाही मेसेज टाका. ही गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. अलर्ट सुरू होतो, पण बंद झाल्याचं कोणी सांगत नाही. म्हणून आपण कायम अलर्टमध्ये राहतो, म्हणजे कधीच राहत नाही. लांडगा आला रे आला ही गोष्ट पोराने खोटं बोलल्याची आहे. इथे खोटं कोणी बोलत नाही, पण परिणाम तोच होतो.

आणि एक काम सरकारशिवायही होतं. २०२० चं पाणी कोणाच्या भिंतीवर कुठवर चढलं होतं, ते आज सांगणारे लोक आहेत. काही भिंतींवर ती मातीची रेघ अजून दिसते. दहा वर्षांनी रंग लागेल, घरं नवी होतील, सांगणारे राहणार नाहीत. एक डबा पेंट आणि एक रविवार. विजेचे खांब, शाळेची भिंत, मंदिराची पायरी, जिथे जिथे पाणी आलं तिथे एक निळी पट्टी आणि बाजूला साल. खाली त्या दिवशीची पुलावरची पातळी लिहायची, ती सरकारी नोंदीत मिळेल. मग पुढच्या वेळी मेसेजमध्ये आकडा आला की मोठी माय खांबाकडे बघून सांगेल, निजायचं की निघायचं. समुद्रसपाटी तिच्या दारात येईल.

पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी मांडणार आहे. दोन ओळींचा अर्ज आहे, पेंटचा आणि मेसेजच्या नमुन्याचा. ज्यांना पटतं त्यांनी यावं. ज्यांना पटत नाही त्यांनीही यावं आणि तिथे बोलावं. तुमच्या भिंतीवर २०२० ची रेघ अजून असेल तर ती पुसू नका. फोटो काढून ठेवा, शेजारी माणूस उभा करून काढा, म्हणजे उंची कळेल.

इटलीतला तो पहारेकरी ‘उंचावर!’ ओरडत होता तेव्हा ऐकणाऱ्यांना ठाऊक होतं की बुरूज कुठे आहे. आपल्याला अलर्ट रोज येतो. आधी आपला बुरूज ठरवू या.