गुलअब्बास आणि गुलदाऊदी

पाऊस ओसरून भाद्रपदाचे ऊन चटके देऊ लागले, की गॅलरीतला तेरडा माना टाकतो आणि कुंड्या भकास दिसतात. अशा वेळी नर्सरीतून फुललेली रोपे आणून जागा भरण्याचा मोह होतो. ऑक्टोबर हीटमध्ये त्यातली बरीचशी टिकत नाहीत. त्यापेक्षा एक जुनी जोडी बरी: गुलबक्षी आणि शेवंती. आपल्या घरांतल्या बुजुर्ग बायका त्यांना गुलअब्बास आणि गुलदाऊदी म्हणतात.

गुलबक्षी असरच्या सुमारास उमलते, रात्रभर दरवळते आणि सकाळी ऊन वाढले की मिटते. चाकण-भोसरीच्या कारखान्यांतून सेकंड शिफ्ट करून मध्यरात्री घरी येणाऱ्याला दिवसा फुलणाऱ्या बागेचा काय उपयोग? त्याच्यासाठी हेच झाड. मुळाशी कंद धरतो, म्हणून कुंडी किमान १२ इंच खोल हवी. कंदामुळे एखादा दिवस पाणी चुकले तरी झाड तग धरते. एक मात्र सांभाळा. तिचे काळे बी हुबेहूब मिऱ्यासारखे दिसते आणि बी व मुळे दोन्ही विषारी असतात. रांगती मुले घरात असतील तर पडलेले बी रोज वेचा.

शेवंतीला पालाच पाला, कळीचा पत्ता नाही, ही तक्रार या दिवसांत ठरलेली. खताला दोष देण्याआधी दिव्याकडे पाहा. शेवंती रात्र मोजते. २३ सप्टेंबरनंतर रात्र दिवसापेक्षा मोठी होऊ लागते आणि लांब, अखंड काळोख मिळाला तरच ती कळ्या धरते. शिफ्टवरून येणाऱ्यासाठी गॅलरीत रात्रभर ट्यूब जळत असेल, किंवा समोरच रस्त्याचा दिवा असेल, तर तिच्या हिशोबी उन्हाळाच चालू राहतो. दिवा बंद करा असे कोण म्हणेल! कुंडी आडोशाला सरकवा, नाहीतर कळ्यांना रंग दिसेपर्यंत संध्याकाळी ६ ते सकाळी ६ तिच्यावर मोठे खोके पालथे घाला. एका रात्रीचाही खाडा नको. शेंडे खुडणे आता थांबवा. ते काम जुलै-ऑगस्टचे.

मागे उंच गुलबक्षी, पुढे ८ इंची कुंड्यांत शेवंती आणि कडेला रैहान, म्हणजे आपला सब्जा. सूरह रहमानमध्ये सुगंधी वनस्पतीसाठी हाच शब्द आला आहे. गुलबक्षीचा बहर ओसरू लागतो त्या सुमारास, नोव्हेंबरात, शेवंती फुलते.

राहिला प्रश्न पाण्याचा. नोव्हेंबर २०१९ मध्ये पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी सुरू झाले. पिण्याच्या पाण्यातून कुंड्या भिजवायला जीव धजत नाही. वाहत्या नदीकाठीही वुजूत उधळपट्टी नको, अशी रिवायत इब्ने माजामध्ये आहे. तेव्हा नळ बारीक सोडा आणि खाली टब ठेवा. वुजूच्या पाण्यात साबण नसतो, झाडांना ते चालते. चार माणसांच्या घरात पाच नमाजांचे पाणी साठले, तर पाच-सहा कुंड्यांची सोय होते. मातीवर नारळाच्या शेंड्या पसरा, आणि पाणी मगरिबनंतर घाला, म्हणजे ते उन्हाने उडून जात नाही.