छप्पन्न अंशांचे नागपूर

नागपूरकराला उन्हाचे अप्रूप नाही. वाळ्याच्या ताट्या, खिशातला कांदा, डोक्याला घट्ट बांधलेला दुपट्टा आणि दुपारी ओस पडणारे रस्ते यांच्या संगतीने हे शहर पिढ्यान्‌पिढ्या वैशाख-ज्येष्ठ काढीत आले आहे. तरीही ३० मे २०२४ रोजी, ऐन नवतप्यात, घरोघरच्या भ्रमणध्वनींवर जो आकडा येऊन थडकला त्याने या शहरालाही क्षणभर स्तंभित केले. नागपुरात ५६ अंश सेल्सिअस! रामदासपेठेतील पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शेतात बसविलेल्या स्वयंचलित हवामान केंद्राची ही नोंद होती. म्हणजे आकडा कुणा रिकामटेकड्याच्या डोक्यातून निघालेला नव्हता. तो हवामान खात्याच्याच यंत्राने दिलेला होता, आणि म्हणूनच अधिक फसवा होता.

वस्तुतः तो तपासून पाहण्यास शास्त्रज्ञ असण्याची गरज नव्हती. भारतातील आजवरचे अधिकृत उच्चांकी तापमान ५१ अंश. ते राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी नोंदले गेले. साऱ्या जगाचा मान्यताप्राप्त उच्चांक कॅलिफोर्नियातील मृत्यूच्या दरीतला, १० जुलै १९१३ चा, ५६.७ अंशांचा. खुद्द नागपूर २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांपर्यंत पोहोचले होते. मग हे शहर एका दुपारीत आपला उच्चांक आठ अंशांनी ओलांडून, फलोदीला मागे टाकून, थेट मृत्यूच्या दरीच्या उंबरठ्यावर कसे जाऊन बसेल? त्याच दिवशी सोनेगावच्या स्वयंचलित केंद्राने ५४ अंश दाखविले, हे खरे. पण खापरीजवळच्या कापूस संशोधन संस्थेच्या शेतातील आणि रामटेकच्या केंद्रांनी ४४ अंशांच्या आसपासच नोंद केली. एकाच जिल्ह्यात, एकाच सपाट मुलखात, एकाच आभाळाखाली बारा अंशांचा फरक निसर्ग करीत नाही, यंत्र करते. संवेदकातील बिघाडामुळे ही नोंद चुकीची झाली, असा निर्वाळा हवामान खात्याने दिला. आदल्याच दिवशी दिल्लीतील मुंगेशपूरचे ५२.९ अंश देशभर गाजले होते. तेथे प्रमाणित उपकरण शेजारी ठेवून पडताळणी झाली, तेव्हा यंत्र तीन अंश जास्त दाखवीत असल्याचे आढळले.

हे खुलासे किती जणांपर्यंत पोहोचले? आकडा ज्या वेगाने धावला त्याच्या शतांशानेही खुलासा धावत नाही. लिबियातील अल् अझिझिया येथील ५८ अंशांची १९२२ ची नोंद जागतिक हवामान संघटनेने २०१२ साली रद्द केली. निरीक्षकाने तापमापीतील खूण चुकीच्या टोकाशी वाचली असावी, असा निष्कर्ष निघाला. पण तोवर नव्वद वर्षे जगभरच्या शालेय पुस्तकांतून मुले ते पाठ करीत होती.

कुणी म्हणेल, असेना का चुकीचा. लोक सावध तर झाले! हा युक्तिवाद घातक आहे. मैदानी प्रदेशात प्रत्यक्ष तापमान ४५ अंशांवर गेले की उष्णतेची लाट आणि ४७ वर गेले की तीव्र लाट, असे हवामान खात्याचे निकष आहेत. ज्याच्या मनात छप्पन्न ठसले त्याला पंचेचाळीस सौम्य वाटू लागतात. शिवाय खुलासा वाचणारा दुसऱ्या टोकाला जातो. या खात्याचे काही खरे नसते, असे म्हणून तो उद्याचा खरा इशाराही झटकून टाकतो. सायकलरिक्षा ओढणारा, इमारतीच्या स्लॅबवर काम करणारा, भर दुपारी हातगाडी लावणारा माणूस चव्वेचाळीस अंशांतही दगावू शकतो. त्याच्यासाठीच उष्माघात-प्रतिबंधाच्या योजना आखल्या जातात, पाणपोया उघडल्या जातात, रुग्णालयांत शीत कक्ष राखले जातात. ही सारी व्यवस्था आकड्यावरील विश्वासावर उभी असते.

आता थोडे आपल्या हिमालयाविषयी. हवामानबदलावरील आंतरराष्ट्रीय समितीने २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नष्ट होण्याची शक्यता फार मोठी असल्याचे लिहिले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे माजी उपमहासंचालक व्ही. के. रैना यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये आपल्या पर्यावरण मंत्रालयामार्फत प्रसिद्ध झालेल्या टिपणात वेगळे चित्र मांडले, तेव्हा समितीच्या अध्यक्षांनी त्यांची हेटाळणी केली. दोनच महिन्यांनी, जानेवारी २०१० मध्ये, समितीला त्या विधानाबद्दल खेद व्यक्त करावा लागला. ते विधान वैज्ञानिक परीक्षणातून न गेलेल्या एका अहवालावरून उचललेले होते. जुन्या एका लेखातील २३५० या सालाचे कुठेतरी २०३५ झाले असावे, असेही दाखविण्यात आले. आपल्या वैज्ञानिकाने जगाला आकडा तपासायला लावला, याचा अभिमान अवश्य बाळगावा. पण तेवढ्यावरून हिमनद्या सुखरूप आहेत असा अर्थ काढणे हीही तितकीच मोठी चूक ठरेल. त्या आक्रसत आहेत. वाद कालमर्यादेचा होता.

इथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. परक्यांचा आकडा आपण डोळ्यांत तेल घालून तपासतो; आपल्या परंपरेचा गौरव करणारा आकडा मात्र हात जोडून पुढे पाठवितो. पिंपळ चोवीस तास प्राणवायू सोडतो, हा संदेश आपल्यापैकी कितीजणांनी श्रद्धेने पुढे धाडला असेल? सूर्यप्रकाशावाचून पिंपळच काय, कोणतेही झाड प्राणवायू निर्माण करीत नाही. रात्री ते आपल्यासारखाच श्वास घेते. पिंपळाला पार बांधणाऱ्या पूर्वजांनी प्राणवायूचे मोजमाप करून त्याला वंदन केले नव्हते. त्याची गर्द सावली आणि त्याच्या आश्रयाला येणारे पक्षी या गोष्टी खोट्या विज्ञानाच्या कुबड्यांवाचून उभ्या आहेत.

न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. यांतील शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचे वचन. आप्त म्हणजे ज्याने विषय स्वतः जाणला आहे आणि जो जसा जाणला तसाच सांगू इच्छितो. भाष्यकार वात्स्यायन याच ठिकाणी सांगतात की, ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ असो, आप्ताचे लक्षण सर्वांना सारखेच लागू होते. भ्रमणध्वनीवर आलेल्या संदेशाला ही कसोटी लावून पाहावी. पाठविणारा आपला स्नेही असतो, पण त्याने तापमापी पाहिलेली नसते.

जबाबदारी एकट्या वाचकाची नाही. यंत्राचा आकडा क्षणात जगजाहीर होत असेल, तर तो प्राथमिक आहे की तपासलेला, आणि ते यंत्र शेवटचे केव्हा पडताळले गेले, हेही त्याच जागी लिहिलेले असले पाहिजे. हवामान खात्याकडे हा आग्रह नागपूरकरांनी धरावा. छप्पन्न अंशांचा चटका त्यांनीच सोसला आहे. तोवर मे महिन्यात असा एखादा आकडा आला, तर शेजारच्या केंद्रांची नोंद पाहावी, सायंकाळपर्यंत थांबावे आणि डोक्याचा दुपट्टा मात्र सोडू नये.